अकरा मिनिटांचा लॅपटॉप

लग्नं जुळवणाऱ्यांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. लग्न ठरलं की माणसं पेढे देऊन निघून जातात, किस्से मात्र आमच्याकडेच ठेवून जातात! चार मित्र जमले की त्यातला एकजण म्हणतोच, "ते लॅपटॉपचं सांग की." तर सांगतो.

हुबळीत कोप्पीकर रोडवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर आमचं वधू-वर सूचक मंडळ भरायचं. दर रविवारी, दहा ते एक. चालक दत्ताण्णा, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. नोंदी ठेवायला वसुधा. ती वकिलांची मुलगी, शाळेत शिकवायची. आणि लॅपटॉप दत्ताण्णांच्या अमेरिकेतल्या पुतण्याचा, त्यानं वापरून झाल्यावर मंडळाला दिलेला. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट, तेव्हा लॅपटॉप बघायलासुद्धा माणसं माडी चढायची.

लॅपटॉप झकास होता, बॅटरी म्हातारी. वायर काढली की बरोबर अकरा मिनिटं! आणि रविवारी सकाळी करंट जाणार म्हणजे जाणारच.

"पुतण्या नवी बॅटरी धाडतो म्हणालाय," दत्ताण्णा मला म्हणाले. "तोवर तू तुझा मोबाईल घेऊन येत जा."

कॅमेरा आणि ब्लूटूथवाला मोबाईल मंडळाच्या माणसांत तेव्हा माझ्याकडेच होता. मी धारवाडला सरकारी कचेरीत. पहिल्या रविवारी दत्ताण्णांचा शब्द मोडवेना म्हणून बस धरली. दुसऱ्या रविवारपासून वसुधासाठी धरू लागलो, हे आपलं सरळच सांगतो.

पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे दत्ताण्णांचा नियम, "मंडळाच्या माणसानं मंडळात स्वतःचं जुळवायचं नाही!" आणि दुसरी ती बॅटरी. ती आली की माझ्या मोबाईलचं काम संपलं, आणि माझंही. जगात नव्या बॅटरीला एवढा घाबरणारा माणूस दुसरा नसेल.

*

दत्ताण्णांनी भिंतीवर पाटीच लावली होती, 'मोबाईलने होते ते लॅपटॉपने करू नये.'

वेळ बघायची, मोबाईलवर. वयाची वजाबाकी, मोबाईलवर. यादी एकदा स्क्रीनवर उघडायची, मी तिचे फोटो काढायचे, की वसुधा झाकण मिटणार! मग लोकांना सगळं मोबाईलवरच दाखवायचं. लॅपटॉप तीन तासांत जेमतेम चार वेळा डोळे उघडायचा.

एक गृहस्थ बराच वेळ बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, एवढं झाकून ठेवताय, लॅपटॉपचंच लग्न ठरलंय काय?"

*

स्क्रीनचा ब्राइटनेस सगळ्यात खाली ठेवायचा, हा वसुधाचा कायदा. त्याला बोट लावलेलं तिला खपायचं नाही.

एकदा करंट गेलेला, आणि अळणावरहून आलेलं मुलाकडचं एक कुटुंब मुलीचा मोठा फोटो लॅपटॉपवरच बघायचा म्हणून अडून बसलं. मुलीची आई शेजारीच होती. मुलाचे वडील डोळे बारीक करून म्हणाले, "मुलगी जरा सावळी वाटतेय हो."

दत्ताण्णा घाईघाईनं म्हणाले, "छे छे! मुलगी सावळी नाही, बॅटरी कमी आहे!"

तशी मुलीची आई ताडकन आमच्या हुबळीच्या कानडी ढंगात म्हणाली, "मुलगी सावळीच आहे री! बॅटरीला कशाला बोल लावताय?"

मुलानं तिथल्या तिथे पसंती कळवली. त्याला सासू जास्त आवडली, असं आमचं मत आहे.

*

फोटो पाहुण्यांच्या मोबाईलवर पाठवायची युक्ती मी काढली. लॅपटॉप उघडायचा, ब्लूटूथनं फोटो सोडायचा, लॅपटॉप झोपवायचा. मग पाहुण्यांनी घरी जाऊन वर्षभर बघत बसावं, आमची बॅटरी शाबूत!

एका सकाळी चार मुलींचे फोटो पाठवले. समोरचे पाहुणे म्हणाले, "काहीच आलं नाही की." आम्ही परत पाठवले. परत नाही.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड आवाज झाला. खालचा झेरॉक्सवाला बसप्पा, हातात मोबाईल, घामाघूम!

"माफ करा री मास्तर," तो हात जोडून म्हणाला, "नंदु मदुवी आगेदरी! माझं लग्न झालंय हो! आणि ती खाली दुकानातच बसलीय!"

त्याच्या मोबाईलवर आठ फोटो पोचले होते, आणि आठही त्याच्या बायकोनं पाहिले होते. दत्ताण्णांना स्वतः खाली जाऊन तिची समजूत काढावी लागली. वर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "जुळवणं सोपं रे, जुळलेलं टिकवणं अवघड."

*

अमरगोळच्या मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी मी एकटाच गेलो होतो. लॅपटॉप न्यायचा नाही, हे ओघानं आलंच. मोबाईलवर यादीचा फोटो होता, अक्षरं मुंगीएवढी. मी मुलीचं नाव वाचलं, आणि पुढची माहिती खालच्या ओळीतल्या मुलाची!

"उंची पाच फूट अकरा. आवड, कुस्ती आणि व्यायाम."

माझी चूक माझ्या लक्षात आली, पण मी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून मुलाची आजी बोलली, "चालतंय की! आमच्या पोराला धरून ठेवणारी कोणीतरी पाहिजेच!"

*

असं करता करता वर्ष उलटलं. "बॅटरी कुठवर आली, आण्णा?" असं मी भीतभीत विचारायचो. "वाटेत आहे," एवढंच उत्तर. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलायचो.

आणि एका रविवारी खुद्द वसुधासाठी स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. मुलाचे काका माडीवर येऊन बसले. करंट गेलेला. दत्ताण्णा मला म्हणाले, "वसुधाचा फोटो आणि माहिती यांच्या मोबाईलवर पाठव."

नेमकं माझ्यावरच आलं. पण काम ते काम. मी लॅपटॉप उघडला, फाईल सोडली. वीस टक्के गेली... चाळीस... अकरा मिनिटांत सहज पोचली असती.

इतक्यात वसुधा शेजारी येऊन बसली. तिनं हात पुढे केला आणि ब्राइटनेस पूर्ण वर नेला. मग गाणं लावलं. मग दुसरं गाणं त्याच्यावरच लावलं! पंखा घरघरू लागला. सत्तर टक्क्यांवर लॅपटॉपनं मान टाकली.

"अरेरे," काका म्हणाले.

"बॅटरीच तशी आहे हो," वसुधा म्हणाली आणि तिनं झाकण मिटलं. मी तिच्याकडे बघितलं, तिनं खिडकीकडे. त्या दिवशी धारवाडची बस सोडून मी नुसताच कोप्पीकर रोडवर चालत राहिलो. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

हे सगळं चाललं तेव्हा दत्ताण्णा कोपऱ्यात पत्रिका चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण पुढच्या रविवारी त्यांनी वसुधाच्या वकील वडिलांना माडीवर बोलावून घेतलं आणि स्वतःचा नियम स्वतःच मोडला. माझी सगळी माहिती वाचून दाखवली, माझ्याच मोबाईलवरून!

*

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी घरी आहेर उघडत बसलो होतो. दत्ताण्णांचा आहेर म्हणजे एक नारळ आणि हळदी-कुंकवाची बोटं लावलेलं एक खोकं.

वसुधानं खोकं उघडलं. आत लॅपटॉपची नवी कोरी बॅटरी! पुतण्याच्या पार्सलचं कव्हर तसंच होतं. पोचल्याची तारीख दीड वर्षापूर्वीची, मी पहिल्यांदा मोबाईल घेऊन ती माडी चढलो त्याच्या पुढच्याच आठवड्यातली.

मी तिथूनच फोन लावला. "आण्णा, ही बॅटरी...?"

"मिळाली ना?" दत्ताण्णा म्हणाले. "आता रविवारी येताना दोघं मिळून घेऊन या आणि बसवून टाका. आणि तुझा मोबाईल राहू दे घरीच."