पाणी मागितलं तो प्रश्न

कंपनीत तिला पोस्टमार्टमबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. ती चिडत नसे, कारण कामच तसं होतं. कंपनी हलवाहलवीची. घरसामान नव्हे, तर प्रयोगशाळा, ग्रंथालयं, इस्पितळं अशी अवघड बिऱ्हाडं एका इमारतीतून उचलून दुसरीत नेऊन लावायची. प्रत्येक कामासाठी नवी टोळी जमायची आणि काम आटोपलं की ती फुटायची. जो तो पुढच्या कामावर जायचा, आणि जे शिकला ते डोक्यात घालून बरोबर न्यायचा. मग पुढची टोळी त्याच दगडाला ठेचकाळायची. हे फार झालं तेव्हा साहेबांनी एक खोली रिकामी केली, तिच्यात टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग ठेवला आणि बाईला तिथे बसवलं. काम संपलं की त्या कामाच्या प्रमुखाने तिच्यासमोर येऊन बसायचं, काय चुकलं, काय साधलं ते सांगायचं आणि तिने लिहून घ्यायचं. काम मेल्यावर ही बाई येते, म्हणून पोस्टमार्टमबाई.

आता सांगा, पगारदार माणूस आपण होऊन आपली चूक कशाला सांगेल? समोर बसलेला प्रत्येक जण 'सगळं सुरळीत झालं' म्हणायचा आणि उठायला बघायचा. पण बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. माणूस घडाघडा बोलत असतो, बोलता बोलता एखाद्या प्रश्नाला अडतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, जरा पाणी देता? बस, तिथेच तळ ठोकायचा. पाणी द्यायचं, पिऊ द्यायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. दुसऱ्यांदा माणूस बोलतोच. ही तिची सगळी विद्या, आणि तिने ती लपवलीही नव्हती. एकदा कँटीनमध्ये तिने ती फळेवाल्याला सांगितली. फळेवाला म्हणजे नव्या दमाचा एक प्रमुख, जाईल तिथे पांढरा फळा घेऊन जायचा आणि त्यावर रंगीत रेघा ओढत बसायचा. तो हसून म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे येताना घरून पाणी पिऊनच यायला हवं."

या नियमाला बाई आयुष्यात एकदाच चुकली. समोर तिची सख्खी नणंद होती.

नणंदेला घरात चिमी म्हणत. बाहेर तिची मोठी कडक प्रमुख म्हणून ख्याती होती, हाताखालची माणसं तिला टरकून असत, पण घरात ती चिमीच. मुळात वहिनीला या कंपनीत आणलं तेच तिने. दोघींचं मेतकूट होतं. पुढे एका प्रयोगशाळेच्या कामात चिमीने घाई केली आणि एक मोठं शीतकपाट जिन्यात आपटलं. चिमीने वहिनीच्या खोलीत बसून सगळं खरं सांगितलं, अगदी माझीच घाई नडली इथपर्यंत. या खोलीतून नाव बाहेर जाणार नाही, असा साहेबांचा शब्द होता. आणि आठवड्याने साहेबांनी भरसभेत तोच कागद वाचला, नावासकट. चिमीची बढती दुसऱ्याला गेली. बाईने साहेबांशी भांडण काढलं, पण गेलेली बढती भांडून परत येते थोडीच. त्या दिवसापासून कंपनीतल्या झाडून सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

त्यानंतर चिमीने एक इस्पितळ हलवलं. काम संपल्यावर रीतीप्रमाणे ती वहिनीसमोर येऊन बसली. बाईने विचारलं, "नवजात बाळांच्या उबेच्या काचपेट्या लांबच्या बोळातून नेल्यास, तिथे काही अडचण?"

चिमीने घसा खाकरला. "जरा पाणी दे, वहिनी."

बाईने पाणी दिलं. पेला रिकामा होईपर्यंत ती चिमीकडे बघत राहिली, आणि तिला तो आपटलेल्या कपाटाचा कागद आठवला. मग तिने पुढचा प्रश्न विचारला. कागदावर लिहिलं गेलं, 'पेट्या बॅटरीवर नेल्या. अडचण नाही.'

त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली होती. कंपनीला दुसऱ्या एका इस्पितळाचं काम मिळालं आणि प्रमुख होता फळेवाला. हलवण्याच्या आदल्या दिवशी त्याने सगळ्यांना बोलावून फळ्यावर बेत मांडला. बाई मागे बसली होती. शेवटी नवजात बाळांचा कक्ष आला. जुन्या इमारतीतून लांब बोळ, मग लिफ्ट, मग पूल ओलांडून नवी इमारत. फळेवाल्याने बाईचाच जुना कागद वर धरला आणि वाचला, "पेट्या बॅटरीवर नेल्या. अडचण नाही. म्हणजे हा टप्पा सोपा आहे." आणि त्याने फळ्यावर त्या ओळीपुढे हिरवी खूण केली.

बाईने ती खूण बघितली. आपलंच वाक्य, आणि ते खोटं आहे हे या खोलीत एकट्या तिला ठाऊक. काय झालं होतं ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. आणि उद्या सकाळी त्या वाक्याच्या भरवशावर कुणाची तरी इवलीशी पोरं बोळातून निघणार होती.

तिने चिमीला फोन लावला. चिमीने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. संध्याकाळी बाई थेट तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

चिमी पोरांचे शाळेचे कपडे इस्त्री करत होती. "ये," ती म्हणाली, पण इस्त्री थांबली नाही.

"चिमे, त्या बोळात काय झालं होतं?"

"कुठल्या बोळात?"

"पाणी मागितलंस तेव्हा ज्याबद्दल विचारलं होतं, त्याच."

चिमीने इस्त्री उभी केली. "दोन वर्षांनी आठवलं होय? तेव्हा का नाही विचारलंस पुन्हा?"

"मला तुझी भीती वाटली. म्हणजे तुझ्यासाठी भीती वाटली."

"मग आता नाही वाटत?"

"आता त्या पोरांसाठी जास्त वाटते," बाई म्हणाली. "उद्या सकाळी नेणार आहेत. फळेवाला तुझ्याच कागदावर चाललाय."

चिमी खुर्चीत बसली. बराच वेळ तिने सदऱ्याची एकच बाही नीट केली. मग बोलू लागली, खालच्या आवाजात. पेट्यांवर हिरवा दिवा होता. बॅटरी भरलेली आहे, असं तो दिवा सांगत होता. पण त्या पेट्या कित्येक वर्षं भिंतीतल्या प्लगला लावून कोपऱ्यात उभ्या होत्या. प्लग काढून कुणी कधी बघितलंच नव्हतं. आत बॅटरी कुजून गेलेली, वर दिवा हिरवा. बोळाच्या मध्यावर एक पेटी बंद पडली. ऊब गेली. सिस्टरने बाळ बाहेर काढलं, आपल्या अंगाशी घेतलं, वर शाल गुंडाळली आणि तशीच चालत सुटली. बाळ वाचलं. डॉक्टर, सिस्टर, चिमी, सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की ही गोष्ट इथेच संपली.

"मला अजून ती सिस्टर चालताना दिसते," चिमी म्हणाली आणि रडू लागली. "आणि मी गाढवासारखी तिच्यामागे रिकामी पेटी ढकलत होते."

बाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग चिमीच म्हणाली, "आता तू अडकलीस, वहिनी. नाव न सांगता बोललीस तर कोण ऐकणार? आणि नाव सांगितलंस तर मी लपवलं हे उघड होणार. या खेपेला बढती नाही, नोकरीच जाईल. पोरांचं शिक्षण माझ्या एकटीच्या पगारावर आहे, तुला सांगायला नको."

"नको सांगूस," बाई म्हणाली.

सकाळी ती इस्पितळात पोचली तेव्हा बोळ झाडून पुसून तयार होता. भिंतीशी रिकाम्या काचपेट्या प्लगला लावून रांगेत उभ्या, सगळ्यांवर हिरवे दिवे. फळेवाला फळा घेऊन हजर. साहेबही आले होते, इस्त्रीचा कोट घालून, कारण नव्या इमारतीत पाहुणे यायचे होते.

"थांबा," बाई म्हणाली. "आधी प्लग काढून पेट्या बॅटरीवर चालवून बघा."

"बॅटरी उतरली तर पुन्हा भरायला दुपार होईल," फळेवाला म्हणाला. "जुन्या इमारतीची वीज आजच तोडायची ठरली आहे. आणि हे अचानक कुठून काढलंत? कागदात तर अडचण नाही असं लिहिलंय."

"कागद चुकलाय."

साहेब पुढे आले. "कागद तुम्हीच लिहिला ना? मग चुकला कसा?"

सगळे बाईकडे बघत होते. तिला चिमीच्या हातातली ती सदऱ्याची बाही आठवली. ती म्हणाली, "त्या वेळी प्रमुखांनी मला सगळं सांगितलं होतं. पेटी बोळात बंद पडली होती. मी लिहिलं नाही. गिऱ्हाइकासमोर कंपनीची शोभा होईल म्हणून गाळलं. चूक माझी आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार एवढ्यात पेट्यांपाशी उभ्या असलेल्या, याच इस्पितळातल्या एका वयस्कर सिस्टरने कुणाला न विचारता पहिल्या पेटीचा प्लग ओढला. "माझी पोरं यात जाणार आहेत. मला बघू दे," ती म्हणाली.

दिवा हिरवाच राहिला. बोळात कुणी हलेना. आत लावलेल्या तापमापकाचा आकडा तिथेच होता. सिस्टर बोट लावून बघत राहिली. बराच वेळ गेला आणि पेटी चालूच. फळेवाल्याने घड्याळ बघितलं. साहेब बाईकडे वळून म्हणाले, "झालं समाधान?"

बाईने उरलेल्या पेट्यांच्या रांगेकडे बघितलं. चिमी खोटं बोलली नव्हती, पण आज ही पेटी धडधाकट निघाली तर आपलं म्हणणं हवेत जाणार आणि बाकीच्या तशाच निघणार. ती म्हणाली, "दुसरी बघा."

सिस्टरने दुसऱ्या पेटीचा प्लग काढला. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. पंखा थांबला. तिसरीचा काढला, तीही थोड्या वेळात गेली. सिस्टरने हात छातीशी घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

त्या दिवशी एकही पेटी हलली नाही. नव्या बॅटऱ्या आल्या, पेट्या पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या आणि मग पोरं सुखरूप नव्या इमारतीत गेली. फळेवाल्याने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'प्लग काढून बघा, दिव्यावर विश्वास ठेवू नका,' आणि ती ओळ कंपनीच्या प्रत्येक कामाच्या यादीत गेली. बाईचं नाव कुठे आलं नाही. आलं ते एकाच ठिकाणी, साहेबांच्या पत्रात. माहिती दडवली म्हणून तिला कामावरून काढण्यात येत होतं.

पत्र आलं त्याच दिवशी चिमी बाईच्या घरी आली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, "मी जाऊन सांगते. हे माझं आहे."

"काय सांगशील? तुझी नोकरी जाईल आणि माझी परत येणार नाही. त्यापेक्षा पोरांचे कपडे बघ," बाई म्हणाली. चिमीने तिला मिठी मारली. नणंद-भावजयींना अशी मिठी मारायला दोन वर्षं लागली, म्हणून बाईचा नवरा दारातूनच माघारी फिरला.

कंपनीचा नियम असा की जाणाऱ्यानेही त्या खोलीत बसायचं. शेवटच्या दिवशी बाई आपल्याच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसली. अलीकडे फळेवाला होता, कारण खोली आता त्याच्याकडे आली होती. फळा त्याने बाहेर ठेवला होता. त्याने तिला सगळं विचारलं, कुणाशी कसं बोलायचं, काय लिहायचं, काय लिहू नये. बाईने हातचं न राखता सांगितलं. तो भराभर लिहीत होता.

मग त्याने मान वर केली. "एक विचारू, बाई? तुमच्या नणंदबाईंनी खरंच तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला?"

बाईचा घसा कोरडा पडला. तिने खाकरून बघितलं, उपयोग झाला नाही.

"जरा पाणी देता?"

फळेवाल्याचा हात पाण्याच्या जगाकडे जाता जाता थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं, जगाकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. मग पेला भरला आणि तिच्यासमोर सरकवला. बाईने दोन्ही हातांनी तो धरला आणि पिऊ लागली. पाणी संपेपर्यंत तो गप्प बसला.

"बरं," तो म्हणाला आणि पान उलटलं. "पुढचा प्रश्न घेऊ."