लड्डू आणि मोतीचा एक पिंजरा

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतील. जळगावात पेट शॉपमध्ये कामाला लागून सहा वर्षं झाली. अशा दुकानात किस्से माशांच्या टाकीतल्या गाळासारखे साचतात, कोणी ढवळत नाही तोवर तळाशी पडून असतात. मी फार बोलत नाही, म्हणून माझे जरा जास्तच साचलेत. हे सगळे एकाच घरातले आहेत, आणि बहुतेकांत मी हरलेलाच आहे.

घर पिंप्राळ्यातलं, कापड दुकानवाल्या जैन शेठजींचं. त्यांच्या मुलाचा, दर्शनचा, लड्डू नावाचा गिनी पिग आमच्याच दुकानातून गेलेला. दिवाळीनंतर शेठजींची बहीण रेखाताई धुळ्याचं सासर सोडून कायमची माहेरी आली. सोबत नऊ वर्षांची पिहू, आणि पिहूसोबत तिचा गिनी पिग, मोती. माँजी, म्हणजे शेठजींच्या आई, म्हणाल्या की एका घरात दोन पिंजरे कशाला? पहिल्याच रात्री लड्डूने मोतीचा कान फाडला.

आमचे मालक नाना मला म्हणाले, "तू जा. तू बोलत नाहीस, जनावरांना तसाच माणूस लागतो."

शेठजींनी दारातच सांगितलं, पंधरा दिवसांत जुळलं तर ठीक, नाहीतर एकाला पांजरपोळात सोडू. म्हाताऱ्या गाईम्हशी सांभाळतात तिथे. त्या खुरांमध्ये गिनी पिग एक दिवस टिकला नसता. कोणाला सोडणार ते शेठजी बोलले नाहीत. पिहू जिन्यात उभी राहून ऐकत होती.

*

दोघांच्या अंगाला एकच वास आला की ते एकमेकांना परकं समजत नाहीत, असं मी मोबाईलवर पाहिलं होतं. दर्शनला म्हटलं, एकाच फडक्याने दोघांना रोज पूस.

दुसऱ्या दिवशी गेलो तर जिन्यापासूनच घमघमाट. दर्शनने फडक्यावर पप्पांचं अत्तर ओतलं होतं. दोघं दहा मिनिटं शिंकत होते. शिंका थांबल्या आणि पुन्हा जुंपली.

माँजी म्हणाल्या, "वरातीला निघाल्यासारखे नटलेत, आणि भांडतात पण वरातीसारखेच."

*

मग मी गाजर आणलं. एकच गाजर दोघांनी दोन टोकांनी खाल्लं तर मैत्री होते, असंही मोबाईलवरच पाहिलेलं. जमिनीखाली पिकलेलं काही त्या घरात येत नाही, हे माझ्या डोक्यातूनच गेलं. मोती धुळ्याला शेजाऱ्यांकडे गाजर खायचा. त्याला वास आला आणि तो शिट्ट्या मारायला लागला.

माँजींनी माझ्या खिशाकडे बघितलं. विचारलं, हे कोणासाठी? माझ्या तोंडून निघालं, "माझंच आहे, डब्यातलं."

"मग बाहेर बसून खा, बेटा. उपाशी राहू नको."

मी पायरीवर बसून अख्खं गाजर खाल्लं. आत लड्डू आणि मोती, दोघं एकाच जाळीला नाक लावून माझ्याकडे बघत होते. पंधरा दिवसांत तेवढीच त्यांची एकी झाली, आणि ती माझ्याविरुद्ध.

*

दोघांची ओळख अशा जागी करून द्यावी लागते, जी दोघांपैकी कोणाचीच नसते. मी तसं सांगितलं आणि सगळे विचारात पडले. हॉल लड्डूचा, तो तिथेच वाढला. गच्चीवर तो उन्हाला बसतो. स्वयंपाकघराचं नाव काढायची सोय नव्हती.

पिहू म्हणाली, "मी आणि मम्मी झोपतो ना, त्या खोलीत सोडा. ती आमची पण नाहीये."

रेखाताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. एकच घडी त्यांनी तीनदा घातली. शेठजी मोबाईलकडे बघत राहिले.

त्या खोलीत दोघं तासभर शेजारी बसले. काहीच झालं नाही. मी सायकलवरून असोद्याला, माझ्या गावी, गाणं म्हणत गेलो. सकाळी शेठजींचा फोन आला, मोतीच्या पाठीला नवी जखम होती.

*

तेव्हापासून रोज तेच. दिवसा शेजारी बसायचे, सकाळी रक्त. मी दोन वाट्या ठेवल्या, दोन बाटल्या, लपायला दोन खोके. उपयोग शून्य. घरी मला जेवण जाईना.

आई म्हणाली, "घरात तं तोंड उघडत नही, अन् उंदरायले समजावाले जातो."

"उंदीर नाहीत ते."

"पाह्य, बोलला!"

*

तेराव्या दिवशी मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो. दिवस मावळायला आला तशा माँजी आल्या. पिंजऱ्यातलं गवत काढलं, पाला काढला, वाट्या धुऊन पालथ्या घातल्या. पाणी तेवढं राहू दिलं.

मी विचारलं, हे रोज काढता?

"सूर्य गेला की या घरात कोणी खात नाही. ही मुकी जनावरं, यांना काय कळतं? यांचं पुण्य आपणच बघायचं." आणि त्यांनी मोतीच्या फाटक्या कानावरून अगदी हळू बोट फिरवलं.

गिनी पिगला दिवसरात्र काहीतरी चघळायला लागतं. रात्रभर रिकामं पोट, आणि सकाळी एक मूठ गवतावर दोघांची झडप. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. सांगायचं फक्त एक वाक्य होतं.

मी म्हणालो, "बरं, माँजी." आणि चप्पल घातली.

*

चौदाव्या दिवशी मोती लंगडत होता. शेठजी म्हणाले, आता बस. उद्या दुकानात जाताना सोडतो. दर्शनने विचारलं, कोणाला?

"जो बाहेरून आला तो जाईल."

रेखाताई उठून आत गेल्या. माळ्यावरून एक टोपली काढून मोतीसाठी दाराशी ठेवली गेली. मी निघालो तर पिहू जिन्यापर्यंत आली.

"दादा, पांजरपोळात गवत असतं?"

"असतं."

"रात्री काढून घेत नाहीत ना?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग बरंय," ती म्हणाली. "तिथे त्याला भांडावं लागणार नाही."

तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे. त्या घरात तीही माझ्यासारखीच गप्प होती.

सकाळी मी असोद्याहून वाळलेल्या गवताचा भारा सायकलला बांधला आणि उजाडताच पिंप्राळ्याला पोचलो. कोणाला न विचारता पिंजरा रिकामा केला. तळाला वीतभर जाड गवत पसरलं, दोघांना आत सोडलं. माँजी माळ ओढत येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय?"

मी गवत सारखं करत म्हणालो, "अंथरूण आहे, माँजी. हे संध्याकाळी काढायचं नसतं."

त्यांनी पिंजऱ्यात वाकून बघितलं. लड्डू एका कोपऱ्यात, मोती दुसऱ्या कोपऱ्यात, दोघं आपापलं अंथरूण कराकरा खात होते. मग दाराशी ठेवलेली टोपली माँजींनी पिहूच्या हातात दिली आणि माळ्यावर ठेवायला सांगितली.

"थंडी वाढली आहे," त्या मला म्हणाल्या. "अजून जाड कर."

मी अजून जाड केलं.