काचेआडचा गारवा

मे महिन्यात आईचे डोळे दाखवायला नागपूरला गेलो. परतीची गाडी संध्याकाळची होती, म्हणून ऊन चुकवायला तिला संग्रहालयात नेलं. तिथे काचेच्या पेटीत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा होता. आईने काचेवर तळवा टेकवला.

"हात काढा!" पहारेकरी खेकसला.

"इतकं थंड काऊन ठेवता?"

"हाडं खराब होतात, बाई. लाइट गेली तरी जनरेटरवर मशीन चालू राहते."

बाबाही मे महिन्यातच गेले होते, दरेकशाच्या जंगलात तेंदूपत्ता तोडताना ऊन लागून. तालुक्याच्या दवाखान्यात मयत ठेवायचा फ्रीज बंद होता आणि डॉक्टर लग्नाला गेले होते. पोस्टमार्टम होईपर्यंत बाबा व्हरांड्यात पडून होते. रसवंतीवाल्याकडून आणलेल्या बर्फाचं बघता बघता पाणी व्हायचं. आई पदराने माशा हाकलत बसली होती. वास सुटला तेव्हा नर्स आमच्यावरच ओरडली.

"हा कोनाचा कोन होता?" आईने पहारेकऱ्याला विचारलं.

"काय माहीत. फार जुना आहे."

आई पेटीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "तुजा बाप लय उशिरा मेला रे."