नववा महिना भरेपर्यंत

आमची मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा ह्यांची बदली झाली. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नवं गाव परंडा तालुक्यात, सोनारीच्याही पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. हे एकदा जाऊन बघून आले. दोन खोल्यांची शाळा, राहायला एका शेतकऱ्याची पत्र्याची खोली, मधे एक ओढा. दिवसाला एकच एसटी, तीही ओढ्याला पाणी आलं की फाट्यावरूनच परत फिरायची.

"आणि दवाखाना?" मी विचारलं.

"उपकेंद्र आहे सात-आठ किलोमीटरवर. सिस्टर महिन्यातून एकदा गावात येतात म्हणे. पावसाळ्यात त्यांचाही नेम नाही."

तेव्हा आम्ही तुळजापुरात सासू-सासऱ्यांसोबत राहत होतो. देवळाच्या खालच्या अंगाला गल्ली, तीन खोल्यांचं घर. पहाटे देवळातला चौघडा ऐकू यायचा, आणि मुलगी त्याच आवाजाला जागी व्हायची, रडायची नाही, नुसती डोळे उघडून पडून राहायची. त्या दिवसांची आठवण आली की आधी तिचा तो चेहराच समोर येतो. मामा, म्हणजे माझे सासरे, तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. लोक अजून अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडं यायचे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कमी बोलायच्या. दिवसभर काम करायच्या आणि दुपारी उंबऱ्यात बसून गव्हातले खडे वेचायच्या.

जूनमध्ये शाळा उघडणार होत्या. मी सामान बांधायला काढलं. पेटीतले कपडे बाहेर ठेवताना मुलीचं लसीचं कार्ड खाली पडलं. मामांना कुठलाही कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवायचं नाही. त्यांनी चष्मा लावला, कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"हे टोचणं कधी झालं?"

बाळंतपणाला मी माहेरी, येडशीला होते. साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सगळ्या लशी आईनं तिथंच देऊन आणल्या होत्या. सासरी तो विषय कधी निघालाच नव्हता.

"येडशीला, मामा. आता नऊ महिने भरले की गोवराची आहे."

त्यांनी कार्ड पेटीवर ठेवलं. "झालं तेवढं बास. पुढची सुई नको."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे खाली मान घालून सुतळी गुंडाळत राहिले. नंतर स्वयंपाकघरात त्यांनी मला सांगितलं. ह्यांच्या आधी एक मुलगा होता. पंधरा महिन्यांचा. मामांची नोकरी तेव्हा ढोकीकडच्या एका खेड्यात होती. मुलाला सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. घरात त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. ह्यांना लहानपणी एकही लस दिली नव्हती, हेही मला त्या दिवशी कळलं.

आमच्या गल्लीत लसीकरणाचं बघणाऱ्या आशाताईंना मी गाठलं. त्या म्हणाल्या, "नऊ महिने पुरे झाल्याशिवाय ही लस देत नाहीत, ताई. तुमच्या मुलीला अजून तीन आठवडे आहेत. तोवर थांबा, देऊन जा. तिकडं पावसाळ्यात कधी मिळंल, कोण सांगणार?"

म्हणजे ह्यांनी पुढं जायचं आणि मी मुलीला घेऊन मागं राहायचं. त्यासाठी मामांना सरळ दुखवावं लागणार होतं. खरं सांगते, मी डळमळले. ह्यांच्याबरोबर निघून जावं, तिकडं सवडीनं बघू, असं दोन दिवस मनात होतं. सासऱ्यांशी वाद घालायची मला सवय नव्हती. आणि भीती मलाही होती. ज्या माणसाचं लेकरू गेलंय, त्याला तुम्ही चुकताय असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? उद्या माझ्या लेकराला काही झालं तर?

हे जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. आत्याबाई जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत पितळेचं पातेलं गुंडाळत होत्या. मी धीर करून म्हटलं, "मामा, मी तीन आठवडे इथंच राहते. लस देऊन मग जाते."

"मी एकदा सांगितलंय."

"तिकडं गोवर आला तर काय करू मी? मधे ओढा आहे."

"गोवर सगळ्यांनाच येतो. जातो." त्यांचा आवाज चढला. "सुईनं गेलेलं लेकरू मी या हातांनी पुरलंय. तुला काय माहीत?"

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "सुईनं न्हाई गेलं ते."

आवाज एवढा बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही. त्यांचे हात पातेल्यावरच होते.

"तुम्ही वसुलीच्या कामावर सहा-सात दिवस बाहेर होता. पहिल्याच दिवशी त्याच्या अंगावर गोवर उठला. शेजारच्या बायका म्हणल्या, देवी आलीय, बाहेर काढू नको, वारा लागू देऊ नको. म्या दार लावलं. उशाला लिंबाचा पाला ठेवला. पाच दिवस बसले. लेकरू डोळं उघडंना, दूध घेईना, छाती नुसती धापत होती. सहाव्या दिवशी एकटीनं कडेवर घेऊन डॉक्टरकडं गेले. ते म्हणाले, बाई, लई उशीर केला. त्यांनी सुई दिली ती वाचवायला दिली होती."

मामा आत्याबाईंकडं बघत राहिले.

"तुम्ही आलात तवा लेकराचा जीव गेला होता. कुणीतरी म्हणलं, काल सुई दिली होती. तुम्ही सुईवर चिडलात. मला वाटलं, बरं झालं, माझ्यावर न्हाई चिडले."

मुलगी चादरीवर रांगत होती, तिनं डब्याचं झाकण फरशीवर आपटलं.

मग मामा म्हणाले, "मी तुला काही बोललो नसतो."

"ते तुम्हाला आता वाटतंय," आत्याबाई म्हणाल्या.

मामा उठले आणि चपला घालून बाहेर गेले. दिवेलागणीला परत आले, हातपाय धुतले, मुकाट्यानं जेवले. दुसऱ्या दिवशी हे एकटेच गेले. एसटी स्टँडवर मामा त्यांना सोडायला आले होते. परतताना त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं आणि घरापर्यंत तिला खाली ठेवलं नाही. लसीबद्दल एक शब्द नाही. होय नाही, नकोही नाही.

ते तीन आठवडे मला अजून हवेसे वाटतात. घरात एक विचित्र शांतता होती, पण जड नव्हती. आत्याबाई मला भाजीला बरोबर नेऊ लागल्या. मामा मुलीला खांद्यावर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत फिरवायचे, कुंकवाच्या दुकानापाशी थांबायचे. दोघं एकमेकांशी पूर्वीपेक्षा कमी बोलत होते, पण संध्याकाळी पायरीवर शेजारी बसायला लागले होते. आधी कधी मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

नऊ महिने भरले. लसीकरणाच्या दिवशी सकाळी मी मुलीला कपडे घातले, तर मामा टोपी घालून दारात उभे. "चला," एवढंच म्हणाले. दवाखान्यात सिस्टरनं नाव विचारलं ते त्यांनीच सांगितलं, कार्डही त्यांनीच पुढं केलं. सुई टोचताना मात्र भिंतीकडं तोंड केलं.

"आठवड्याभरानं ताप येऊ शकतो," सिस्टर म्हणाल्या. "थोडे पुरळही येतात कधीकधी. घाबरू नका. जास्त वाटलं तर घेऊन या."

आठव्या दिवशी खरंच ताप आला. सकाळी मुलगी कणकणली, दुपारपर्यंत अंग चांगलंच तापलं. सिस्टरनं सांगून ठेवलेलं औषध मी दिलं. मामांचा चेहरा पाहवेना. ते दिवसभर तिच्याजवळ मांडी घालून बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत. आत्याबाई ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होत्या आणि मधेच म्हणत होत्या, "दूध घेती की ती. बघा, नीट घेती."

"घेती का?"

"व्हय, घेती."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. मुलीनं मामांचा चष्मा ओढला तेव्हा ते हसले, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या आठवड्यात मी निघाले. बार्शीमार्गे परंडा, तिथून पुढची एसटी, आणि फाट्यावर हे सायकल घेऊन उभे. ओढ्याला घोटाभर पाणी होतं. त्या गावात आम्ही चार वर्षं काढली. रात्री वीज नसायची, पाणी हापशाचं, पण इतकी मोकळी जागा मला पुन्हा कुठं मिळाली नाही. मुलगी तिथंच चालायला शिकली, शाळेच्या ओट्याला धरून.

पहिल्याच हिवाळ्यात गावाबाहेर ऊसतोडीवाल्यांच्या खोप्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या लेकरांत गोवर शिरला. मामा आणि आत्याबाई तेव्हा आमच्याकडं आले होते. एका खोपीत दोन वर्षांचा मुलगा तापानं पडलेला, आणि त्याचे आजोबा त्याला बाहेर काढू देईनात. सिस्टर समजावून थकल्या. मी घरी येऊन ते सांगितलं, तसे मामा उठले.

खोपीसमोर ते त्या म्हाताऱ्याशेजारी जमिनीवरच बसले. मी थोडी लांब उभी होते.

"पाव्हणं, माझा थोरला गोवरानं गेला," मामा म्हणाले. "आम्ही घरात ठेवला. उशीर झाला. तुम्ही तसं करू नका."

'आम्ही' म्हणाले ते. मी नीट ऐकलं.

म्हातारा बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला. मग उठून त्यानं सुनेला हाक मारली. एका शेतकऱ्याच्या जीपमधून ते लेकरू परंड्याला गेलं, आणि दहा-बारा दिवसांनी परत आलं ते वाळलेलं, पण पायांवर उभं. आमच्या मुलीला काही झालं नाही. दीड वर्षाची झाल्यावरची लस तिला त्याच गावात मिळाली, उन्हाळा असल्यामुळं सिस्टर वेळेवर पोचल्या.

मामा आता नाहीत. आत्याबाई आमच्याजवळच असतात. त्या हिवाळ्यानंतर त्या थोरल्याबद्दल बोलू लागल्या. आधी थोडं, मग बरंच. तो वासरामागं कसा पळायचा, ताकाला काय म्हणायचा, मामांची टोपी घालून आरशापुढं कसा उभा राहायचा. परवा माझी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकून त्यांना म्हणाली, "आजी, मोठ्या काकांचं अजून एक सांगा." आत्याबाईंनी गव्हाचं सूप बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.