सरस्वतीच्या पाटावर तीन फ्लॉप्या

माझ्या अकलेचे तारे ऐकायचेत? मग आधी कॉफी संपवा, नाहीतर हसता हसता अंगावर सांडाल!

तेव्हा तंजावरातल्या आमच्या गल्लीत कॉम्प्युटर एकच, माझा. आणि कॉम्प्युटरपंडितही एकच, अस्मादिक! आमची आत्या ऐंशीच्या घरातली. तिची नलंगूची गाणी, म्हणजे लग्नात सासरच्यांची टर उडवणारी आमची मराठी गाणी, मी एकेक करून टाइप केली. इंग्रजी अक्षरांत हां. आमच्या पोरांना देवनागरी वाचता येतंय कुठे? पोंगलनंतर अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, लेकीचं, जयाचं लग्न होतं आणि गाणी पाठ असणारी आत्याच तेवढी उरली होती.

"आत्या, आता तू विसरलीस तरी चालेल. मशीन लक्षात ठेवील."

"बरं बाबा," आत्या म्हणाली.

मग बॅकअप! फ्लॉपी एक माझ्या कपाटात, एक पापनाशमला अक्काकडे, एक ओरत्तनाडूला मामांकडे. पूर येवो, आग लागो, गाणी शाबूत! "सरस्वती समजून जपा," मी दोघांना बजावलं. आणि कॉम्प्युटरात जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. तीन-तीन कॉप्या असताना भ्यायचं कशाला?

नवरात्रात सगळे आमच्याकडे जमले. सरस्वतीपूजेला पाटावर पोथ्या, वीणा... आणि तिन्ही फ्लॉप्या! सरस्वती समजून जपलेल्या, मग पूजेला नकोत?

"आतमध्ये काय रे असतं?" आत्यानं विचारलं.

झालं, पंडित सुटले! प्रत्येकीचं पत्र्याचं झाकण सरकवून दाखवलं. "ही काळी चकती दिसते ना? गाणी इथं!"

मी कापूर पेटवायला वळलो. परत बघतो तर तिन्ही चकत्यांवर ठसठशीत चंदन, वर कुंकू!

"अय्यो! आत्या, हे काय केलंस?"

"विद्या आत म्हणालास ना? मग चंदन काय झाकणाला लावू?"

मी पुसायला हात घातला, तर अक्का ओरडली, "उद्या पुनर्पूजा होईपर्यंत शिवायचं नाही!" चंदन रात्रभर मस्त वाळलं.

विजयादशमीला फ्लॉपी घातली. कर्रर्र! दुसरी. कर्रर्र! तिसरीनं तर ड्राइव्हच सोबत नेला.

मला रडूच कोसळलं. "आत्या, पुन्हा सांगशील का गं?"

"कुठलं सांगू? विसर म्हणालास, विसरले की!"

लग्नापर्यंत मला घास गोड लागला नाही. नलंगूला आत्या बसली, घसा खाकरला आणि गायला लागली. अर्धी गाणी आठवली, अर्धी खरंच गेली. पण थांबेल ती आत्या कसली! गेलेल्या गाण्यांच्या जागी तिनं तिथल्या तिथं एक नवंच रचलं: तीन ठिकाणी जपून ठेवणाऱ्या आणि एका पाटावर घालवणाऱ्या नवरीच्या शहाण्या मामाचं, म्हणजे अस्मादिकांचं!

आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पण आमच्याकडे कुठलंही लग्न असो, ते गाणं होतंच. पापनाशमपासून ओरत्तनाडूपर्यंत पोरासोरांना तोंडपाठ आहे. त्याचा बॅकअप कुणी घेतलेला नाही, आणि मेलं पुसलंही जात नाही!