सून पळाली

पळायला लागले तेव्हा माझं वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलं होतं आणि वजन वयाच्याही बरंच पुढे. साताऱ्यातल्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. डोंगराचा चढ फळ्यावर खडूच्या एका रेघेत काढता येतो, आणि ती रेघ मी इतकी वर्षं न दमता काढत आले होते. त्यामुळे डोंगरातल्या मॅरेथॉनला नाव नोंदवताना मला काही विशेष वाटलं नाही. मॅरेथॉन म्हणायची आपली पद्धत, खरं तर ती अर्धी, एकवीस किलोमीटरची. हे अर्धीचं प्रकरण समजावून सांगताना माझी फार पंचाईत होते. शाळेतल्या शिपायांनी तर तोंडावरच विचारलं होतं, "अर्धीच का ओ मॅडम? पुरी का न्हाई?" तेव्हापासून मी सगळ्यांना नुसतंच मॅरेथॉन सांगते.

पहिल्या वर्षी माझी पुरती शोभा झाली. या शर्यतीत ठरलेल्या वेळेत शेवट गाठला नाही तर मागून एक टेम्पो येतो. रस्त्याकडेचे फलक, पाण्याची रिकामी पिंपं, उरलेली केळी आणि मागे पडलेली माणसं असं सगळं गोळा करत तो हळूहळू खाली उतरतो. त्या टेम्पोतून मी केळ्यांच्या क्रेटवर बसून परत आले. वळणापलीकडे लाऊडस्पीकर ऐकू येत होता, कुणाकुणाची नावं पुकारत होते. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला एक केळं सोलून दिलं. मी ते खाल्लं, कारण दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. घरी येऊन मात्र न्हाणीघरात नळ सोडून रडले.

म्हणून दुसऱ्या वर्षी मला पदक नको होतं, फोटो नको होता. वेळेत आणि स्वतःच्या पायांनी पोचायचं होतं, बस. आता यात एवढं काय, असं माझे यजमान म्हणायचे. मला ते नीट सांगता यायचं नाही. दिवसभर मी कुणाची तरी बायको, कुणाची आई, कुणाची सून, कुणाची मॅडम असते. सकाळी पळताना मी कुणाचीच कुणी नसते, फक्त एक जाड बाई धापा टाकत चाललेली असते. मला ती बाई आवडायला लागली होती.

आम्हाला मैदानावर शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांचा एकच हेका. "पळताना बोलायचं न्हाई. बोलला की दम गेला. कुणी काय इचारलं तर हात हालवायचा आन फुडं जायचं." मास्तरीण बाईला गप्प बसवणं म्हणजे काही सोपं काम नव्हे. पण मी शिकले. त्यांनी सांगितलेलं बाकी काहीच मला जमलं नाही, गुडघा उचलणं नाही की खांदे सैल सोडणं नाही. गप्प राहणं तेवढं पक्कं जमलं, आणि त्यानंच माझा घात केला.

त्या वर्षी शर्यत गौरी-गणपतीच्या मागोमाग आली. गौरीला सुनेनं गावी असायलाच हवं, त्याला सुट्टी नाही. आमचं गाव शिराळ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. सरावातला शेवटचा मोठा पल्ला नेमका गौरी जेवणाच्या दिवशी येत होता. यजमान लोणंदच्या कारखान्यात, ते दुपारी जेवायला पोचणार होते. घरात मी आणि सासूबाई दोघीच. त्यांना मी आत्ती म्हणते, आमच्याकडे तशी रीत आहे. मी विचार केला, गाव उठायच्या आत पळून यावं आणि पुरणाला लागावं. शहरात राहून माणूस किती बावळट होतं ते यावरून कळेल. गाव माझ्या कितीतरी आधी उठलेलं होतं. आत्ती मागच्या गोठ्यात धारा काढत होत्या. मी दार नुसतं ओढून घेतलं, ट्रॅक पँट आणि पिवळा टी-शर्ट घालून, डोक्यावर पदर नाही की काही नाही, खिंडीच्या रस्त्याला लागले.

खिंडीच्या चढावर भावकीतले एक दीर भेटले. मोटारसायकलला दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीकडे निघाले होते. मला बघून त्यांनी करकचून ब्रेक मारला.

"आवं वैनी, काय झालं? असं का पळाय लागलायसा? म्हातारी बरी हाय न्हवं?"

चढ असा होता की माझा जीव अगदी नाकाशी आला होता. मी सुभेदारांचा नियम पाळला. पंजा वर करून जोरजोरात हलवला, म्हणजे काही नाही, काही नाही. ते तरीही थांबूनच राहिले, तेव्हा बोलता येत नाही, दम लागलाय, हे सांगायला छातीवर हात ठेवला.

"आरारारा! छातीत? कवा?" ते म्हणाले. मग म्हणाले, "बसा, सोडतो." मी पुन्हा पंजा हलवला आणि पुढे निघाले. मागे त्यांनी गाडी वळवल्याचा आवाज आला. मला वाटलं, माझी जिद्द बघून माणूस हेलावला. खरंच सांगते, मला असंच वाटलं, आणि त्या जोरावर मी खिंड न थांबता चढले.

पुढचं सगळं मला नंतर चार तोंडांनी ऐकायला मिळालं. गावात बातमी गेली की म्हातारी छातीत कळ येऊन गेली आणि सुनेला दुःखानं भान राहिलं नाही, बिचारी तशीच रानोमाळ पळत सुटली. भावकीतल्या बायकांनी चुलीवरची पुरणाची डाळ खाली उतरवली, कारण आता सुतक. कुणी तिरडीच्या बांबूला माणूस पाठवला. कुणी लोणंदला यजमानांना फोन केला. फोनवर त्यांना पहिलं वाक्य ऐकू आलं ते "वैनी पळाल्या", आणि क्षणभर त्यांना वेगळीच शंका आली, असं त्यांनी मला पुढे हसत सांगितलं. त्या दिवशी ते हसले नव्हते. मेढ्याकडे दिलेली नणंद घरातल्या गौरीला तशीच हात जोडून, रडत गाडीत बसली.

आमच्या अंगणात माणसं जमली. दार नुसतं लोटलेलं, घरात कुणी नाही. आत जायचं धाडस कुणाला होईना. बांधावरून आत्तींशी कित्येक वर्षं न बोलणारी शेजारीण सगळ्यात आधी आली आणि उंबऱ्याशी बसून तिने गळा काढला. तो ऐकून गोठ्यातून दुधाचं भांडं घेऊन आत्ती पुढे आल्या. एवढी माणसं बघून त्यांनी भांडं खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि शेजारणीच्या मागे बसून हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

शेजारीण मागे बघून जी किंचाळली ती म्हणे खालच्या आळीपर्यंत ऐकू गेली.

हे चाललं होतं तेव्हा मी खिंडीवरून उतरत होते. फोन कमरेच्या पट्ट्यात, मुका केलेला. गावात शिरले तर मारुतीच्या पारावर एकही माणूस नाही. आमच्या दारात मात्र पांढऱ्या टोप्या, चपलांचा ढीग, आणि भिंतीला टेकवलेला हिरवा बांबू. आत्तींना मी गोठ्यात एकटीला सोडून, डोक्यावरचा पदरसुद्धा सोडून, माझी हौस करायला गेले होते. मी पळाले. सुभेदारांना दोन वर्षं ओरडून जो वेग माझ्या पायांत आणता आला नाही, तो तेव्हा आला. गुडघे उचलले गेले, खांद्यांचं मला माहीत नाही. "आत्ती! आत्ती!" असं ओरडत मी अंगणात शिरले, आणि माणसांच्या मधोमध बसून कपबशीतून चहा पिणाऱ्या आत्तींच्या पुढ्यात येऊन पडले.

"आली बघा," त्या म्हणाल्या. "हिनंच मारलं मला."

सगळे हसले, पण फार वेळ नाही. म्हातारीचं आयुष्य वाढलं म्हणत पुरुष उठले. बायकांना घरी जाऊन डाळ परत चढवायची होती. ती डाळ पुढे शिजलीच नाही, हे एका चुलत जावेनं मला दिवाळीपर्यंत ऐकवलं. दीर लांबूनच म्हणाले, "वैनी, तुमीच छातीला हात लावला न्हवं?" दुपारी यजमान आणि नणंद पोचले. नणंदेनं आईला मिठी मारली, पोटभर रडली, आणि डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"वहिनी, हे खूळ आता बास. घरात गौरी ठेवून आलेय मी. या वयात पळून काय मिळवायचंय तुम्हाला?"

मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आई म्हणेल तसं," ते म्हणाले. मला त्यांचा असा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. पुढच्या रविवारची शर्यत गेली, हे मी मनात धरूनच गौरीला पोळीचा नैवेद्य दाखवला.

संध्याकाळी नणंद परत निघून गेली. आत्ती आणि मी स्वयंपाकघरात उरलेल्या पोळ्या आवरत बसलो होतो. मी म्हटलं, "चुकलं माझं, आत्ती. नाही पळत आता."

त्या पोळ्या मोजून फडक्यात बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बी एकदा पळालीया. तुज्या नवऱ्याच्या येळंला पोटुशी हुते. उसात भांगलत हुते तवा निरोप आला, आई लय शिरीयस हाय. यस्टी दुपारची. तवर कोण थांबतंय? माझं म्हायार खिंडीच्या पलीकडं. तुज्याच रस्त्यानं पळत सुटले. लुगड्याचा काष्टा मारून, पोट धरून." त्यांनी फडक्याची गाठ घट्ट ओढली. "खिंडीत पोचले आन वरनं खाली बघितलं. वड्याकडंला, मसणवट्यात, धूर दिसला. मग काय पळायचं? चालत उतरले."

इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी आम्हाला कुणालाच सांगितलेली नव्हती. खिंडीच्या त्याच माथ्यावर सकाळी मी कमरेवर हात ठेवून माझा फोटो काढला होता.

"बाईमाणूस पळालं म्हंजे कोणतरी मेलेलं आसतंय," आत्ती म्हणाल्या. "लोकांचं काय चुकलं? तू कुणी मेलं नसताना पळतीस. पळ की मग. पोरीला मी सांगते."

त्यांनी खरंच सांगितलं. फोनवर नणंदेशी काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण नणंदेनं पुन्हा तो विषय काढला नाही. गावातून निघायच्या सकाळी मी पुन्हा पळायला निघाले तेव्हा आत्ती ओट्यावर बसल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ठणकावून सांगत होत्या, "सून पळाय चाललीया. मी जित्ती हाय, चहा पिऊन जावा."

शर्यतीच्या दिवशी पाऊस नव्हता, धुकं होतं. चढ कसाबसा गेला. उतारावर माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. लहान मुलं, म्हातारी माणसं, एक जण तर फेटा बांधून, असे सगळे मला मागे टाकून गेले. शेवटच्या टप्प्यात मी पळत होते असं म्हणणं म्हणजे पळण्याचा अपमान. मागे टेम्पोचं इंजिन ऐकू यायला लागलं. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "बसता का मॅडम?" मी पंजा हलवला. छातीला मात्र हात लावला नाही. वळण आलं, लाऊडस्पीकर आला, आणि मंडप मोडायला आलेली माणसं शिडी घेऊन उभी होती, त्यांच्यामधून मी रेघ ओलांडली. घड्याळ अजून चालू होतं. वेळ संपायला अगदी थोडी बाकी होती, पण बाकी होती.

यजमान कडेला पिशवी धरून उभे होते. त्यांनी काही न बोलता फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे आत्ती होत्या. मला अजून श्वास घेता येत नव्हता.

"पोचलीस का?" त्यांनी विचारलं.

"पोचले."

"येळंत?"

"वेळेत, आत्ती."

मग त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. येळंत पोचलीस," आणि पुन्हा एकदा, "येळंत पोचलीस." मी तिथेच, शिडीवाल्या माणसांच्या पायाशी, रस्त्यात खाली बसले आणि मोठ्यानं रडले.