पहिली फळी

गिऱ्हाईक कमी आणि बाकडं लांब असलं, की किस्से आपोआप साठतात. बोरिवली स्टेशनाजवळच्या आमच्या जुन्या इमारतीत दोन्ही गोष्टी होत्या! तेव्हा बोरिवली मुंबईत धरत नसत. दगडी जोतं, सागवानी खांब आणि ओळीनं चार दुकानं. पहिलं वीरजीभाईंचं कापडाचं, मग नाना सबनिसांचा दवाखाना, मग माझं वह्या-पेन्सिलींचं आणि शेवटी फिलिपमामांची बेकरी.

चौघांना मिळून दार एकच. दार कसलं, फळ्याच! उंबऱ्यापासून तुळईपर्यंत उंच, एकाच लांब खाचेत बसणाऱ्या. वीरजीभाईंनी पहिली फळी भिंतीच्या खोबणीत अडकवायची, तिला लागून पुढच्या, असं करत बेकरीपर्यंत यायचं. तिथे फिलिपमामा लोखंडी अडसर घालून कुलूप लावणार. एकट्याला दुकान बंद करायची सोयच नव्हती.

रोज दिवेलागणीला वीरजीभाई हाक मारायचे, "नाना, तुमची फळी!" मग नाना मला, मी मामांना.

*

नानांकडे एकदा ऐन फळ्यांच्या वेळी एक आजीबाई आल्या. गुडघ्यापासून सुरुवात करून त्या सुनेपर्यंत पोचल्या. बाहेर आम्ही तिघं ताटकळत उभे. मामांना पहाटे भट्टी पेटवायची असायची, त्यांचा जीव वरखाली होत होता.

शेवटी वीरजीभाईंनी आत डोकं घातलं. "आजी, गुडघा आज बरा नाही होणार. पण तुमच्यापायी चार दुकानं उघडी आहेत!"

आजीबाई उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "मग एवढी दुकानं एका दोरीत कुणी बांधली रे?"

*

दसऱ्याला आम्ही सगळ्या फळ्या रस्त्यावर काढून धुवायचो, तेल लावायचो. एका वर्षी तेल लावून झालं आणि पहिली फळीच सापडेना! बाकीच्या फळ्या कशाही लावता येत, पण भिंतीत अडकणारा आकडा त्या एकीलाच. ती नसली, तर सगळी रांग हातानं सरकायची. नाना माझ्यावर ओरडले, मी वीरजीभाईंवर.

फळी बेकरीत सापडली. मामांनी तिच्यावर गरम पाव मांडले होते! "आरं, स्वच्छ हाय म्हणून घेतली," मामा म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस वीरजीभाईंच्या दुकानातल्या धोतरांना पावाचा वास येत होता.

*

मग हसणं आटलं. मालकाच्या मनात इमारत पाडून सिमेंटची बांधायचं आलं. इमारत धोक्याची आहे असं लिहून घ्यायला त्यानं एक इंजिनियर आणला.

इंजिनियर कामाला लागला. त्यानं जोतं ठोकून पाहिलं, मग खिशातला चाकू काढून खांबात खुपसला. चाकूचं टोक मोडलं!

"धोका आहे," तो मोडकं पातं बघत म्हणाला, "पण चाकूला."

आम्ही हसलो. मालक हसला नाही. नानांनी धीर करून विचारलं, "मग ही राहील ना, साहेब?"

"असं काम आता होत नाही. पण जुनं आहे म्हणून जपा, असा कायदा माझ्याकडे नाही. तुम्ही आत आहात तोवर राहील. तुम्ही उठलात की मालकाची मर्जी."

त्या संध्याकाळी मी माझी प्रत्येक फळी दोनदा ठोकून पाहिली. तेवढ्याच जागेवर माझं घर चालत होतं.

*

मालक हुशार. त्यानं सुरुवात पहिल्या फळीपासून केली. समोरच्या नव्या इमारतीत वीरजीभाईंना दुकान देऊ केलं, लोखंडी शटरवालं. वीरजीभाई हो म्हणाले!

नाना भडकले. "शेजाऱ्याशिवाय बंद होतं, ते दार कसलं?"

"दोन मुली लग्नाच्या आहेत, नाना. मी काय करणार?"

मला त्यांचा संताप आला होता, आजही आठवलं की येतो. कापडाचे गठ्ठे ते एकटेच रस्त्यापलीकडे नेत होते. आम्ही कुणी हात लावला नाही. मामांनी तर त्यांच्याकडे पाठ केली.

*

त्याच दिवशी, दिवेलागणीला. पहिलं दुकान रिकामं, आणि त्याच्या फळ्या आत कोपऱ्यात उभ्या. आम्ही मोजून बघितल्या. पहिलीच नव्हती! मी मालकाकडे बघितलं. तो रस्त्यात हाताची घडी घालून उभा होता.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "आज राखण कराल, उद्या कराल. रोज कोण करणार? त्यापेक्षा सह्या करून टाका, तुम्हालाही शटर देतो."

नानांच्या चेहऱ्यावर मला होकार दिसायला लागला. मामांच्या हातात अडसर तसाच होता. तो घालायचा कशाला?

इतक्यात समोर धाडकन शटर पडलं.

वीरजीभाई रस्ता ओलांडून येत होते, खांद्यावर पहिली फळी घेऊन. मालक आडवा आला. "वीरजीभाई, ते दुकान आता माझं आहे!"

"दुकान तुमचंच आहे, शेठ. फळी माझ्याकडे राहील. बाजूला व्हा, लागेल."

मालक बाजूला झाला. वीरजीभाईंनी फळी खोबणीत टेकवली, नेहमीसारखी खालून एक बुक्की मारली आणि आकडा बसल्याचा आवाज आला. मग कोपऱ्यातल्या बाकीच्या फळ्या एकेक करून लावल्या. आमच्यापैकी कुणाकडेही त्यांनी पाहिलं नाही. शेवटची लावून झाल्यावर धोतराला हात पुसले आणि हाक मारली.

"नाना, तुमची फळी!"